कॅचिंग फायर वाचताय? मग पहिले नऊ चॅप्टर पळत वाचू नका

हंगर गेम्स मालिकेचं पहिलं पुस्तक दोन रात्रीत संपवलेली मंडळी दुसरं, म्हणजे कॅचिंग फायर, हातात घेतात आणि पन्नासेक पानांवर यांची कुरकुर सुरू होते, की अजून गेम्स (म्हणजे मुलामुलींना एकमेकांना मारायला लावणारा सरकारी खेळ) का नाही सुरू झाले, ही नायिका नुसती गावोगाव भाषणं काय देत फिरतेय. हे इतक्या जणांकडून ऐकलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. पहिल्या पुस्तकाचे स्पॉयलर आहेत खाली. दुसऱ्यात नायिका कॅटनिस परत अरीनात, म्हणजे त्या खेळाच्या मैदानात, जाते हे सिनेमाच्या ट्रेलरनेच सगळ्या जगाला सांगून टाकलंय त्यामुळे तेही लपवत नाही, शेवट मात्र सांगणार नाही.

आधी साधा हिशोब बघा. एकूण 27 चॅप्टर, तीन भाग, प्रत्येक भागात नऊ. कॅटनिस अरीनात पोचते ती दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी. म्हणजे दोन तृतीयांश पुस्तक अरीनाच्या बाहेरच आहे, आणि हे माहीत असलं की ती "कधी सुरू होणार" वाली घाई आपोआप कमी होते. पहिल्या पुस्तकात एक मुलगी जीव वाचवत होती, इथे तिच्या त्या मूठभर विषारी फळांमुळे (बेरी) अख्खा देश कसा पेटायला लागतो ते आहे, आणि ते सगळं त्या "बोअर" चॅप्टर्समधेच आहे.

सुरू करण्याआधी पहिलं पुस्तक परत वाचायची गरज नाही. शेवटचे तीन चॅप्टर चाळा, बस. त्या बेरींचा प्रसंग, त्यानंतर तिचा गुरू हेमिच तिला कानात काय बजावतो ते, आणि घरी परतताना तिच्याबरोबर जिंकलेल्या पीटाला जे कळतं ते. एवढं डोक्यात ताजं असेल तर दुसऱ्यातला राष्ट्राध्यक्ष स्नो पहिल्याच भेटीत कळतो. तो तिच्या घरी येऊन बसतो तो सीन तर सावकाशच वाचा, आवाज न चढवता, चहाबिस्किटं समोर ठेवून माणूस धमकी कशी देतो हे बघायचं असेल तर तिथे बघा. गुलाबाचा आणि रक्ताचा मिळून एक वास येतो त्याच्याकडून, तो वास लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग डिस्ट्रिक्ट 11 (देशाचे असे नंबरवार प्रांत आहेत). इथे मात्र थांबायचंच. कॅटनिस पहिल्या पुस्तकात अरीनात मेलेल्या तिच्या छोट्या साथीदार रूच्या घरच्यांसमोर उभी राहून बोलते, ठरवून दिलेलं कार्डवरचं नाही तर स्वतःच्या मनातलं, आणि गर्दीतला एक म्हातारा रूची ती चार सुरांची शीळ वाजवतो. मग सगळी गर्दी डाव्या हाताची तीन बोटं ओठांना लावून तिच्याकडे करते. एवढंच. कोणी घोषणा देत नाही, दगड मारत नाही. पण पुढच्या काही मिनिटांत त्या म्हाताऱ्याचं काय होतं ते वाचलं की स्नो कशाला घाबरतोय हे वेगळं सांगावं लागत नाही. मला विचाराल तर अख्ख्या मालिकेतला सगळ्यात जोरदार प्रसंग हाच, अरीनातले सगळे स्फोट एकीकडे.

आता या पुस्तकाची खरी गोम. सगळं कॅटनिसच्या तोंडून आहे आणि तेही वर्तमानकाळात, म्हणजे तिला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसणार, आणि तिचा माणसं ओळखायचा अंदाज, खरं सांगायचं तर, वाईट आहे. शिकारीत हुशार, जंगलात हुशार, पण समोरचा आपल्या बाजूचा आहे की नाही यात दर दोन पानांनी घोळ. म्हणून माझी युक्ती अशी की पेन्सिल घेऊन बसायचं (ईबुक असेल तर हायलाइट) आणि तिने एखाद्याबद्दल मत दिलं की, फिनिक लफंगा, जोहाना उद्धट (दोघंही जुने विजेते, तिच्यासोबत अरीनात असलेले), हा माझ्यावर डूख धरून आहे वगैरे, तिथे एक छोटी खूण करायची. त्या माणसाने प्रत्यक्षात काय केलं एवढंच बघत जायचं, ती काय म्हणते ते बाजूला ठेवायचं. अरीनात पीटा फोर्स फील्डच्या अदृश्य भिंतीला धडकून पडतो आणि त्याचं हृदय बंद पडतं, तिथे फिनिक तिला ढकलून देतो आणि पीटाचं नाक चिमटीत धरतो, आणि ही बाण लावून तयार, की हा त्याला मारतोय. तो तोंडाने श्वास भरत असतो. ही एक गोष्ट तिला लगेच कळते, बाकीच्या कितीतरी कळायला शेवटचा चॅप्टर उजाडतो. म्हणूनच पेन्सिल.

वेगाबद्दल. लेखिका सुझॅन कॉलिन्स आधी लहान मुलांच्या टीव्ही मालिका लिहायची आणि ते दिसतं, बहुतेक चॅप्टर अशा ठिकाणी संपतो की पुढचा उघडल्याशिवाय चैन पडू नये, अगदी एपिसोडच्या शेवटी करतात तसं. त्यामुळे सकाळी ऑफिस असेल तर चॅप्टर संपवून झोपू असं ठरवूच नका, कधीच झोपणार नाही. मधेच थांबा, एखादा शांत संवाद चालू असेल तिथे. शेवटच्या नऊ चॅप्टर्सना मात्र सुट्टीचा दिवस काढा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, तिथे हळू वाचण्यात काही अर्थ नाही, ते पळण्यासाठीच लिहिलंय.

मराठी मीडियमवाले जे पहिल्यांदाच सलग इंग्रजी कादंबरी वाचतायत त्यांनी टेन्शन घेऊ नका, वाक्यं छोटी आहेत. जॅबरजे, ट्रॅकर जॅकर, मॉर्फलिंग असले शब्द डिक्शनरीत शोधत बसू नका, ते लेखिकेनेच बनवलेत, दोन पानांत आपोआप कळतात. नावांची गर्दी होते दुसऱ्या भागात, तर बुकमार्कच्या मागे एवढं लिहून ठेवा, डिस्ट्रिक्ट 3 म्हणजे बीटी आणि वायरेस, 4 म्हणजे फिनिक आणि मॅग्स, 7 म्हणजे जोहाना. बाकीचे आठवले नाहीत तरी चालतं.

पुढचा परिच्छेद पुस्तक संपल्यावर वाचा, खरंच.

संपल्या संपल्या परत मागे जा, सगळं नाही, तीनच जागा. कॅपिटॉलच्या (राजधानीच्या) पार्टीत, जिथे लोक अजून खाता यावं म्हणून मुद्दाम उलटी करतात (हे वाचताना मी जेवत होते), गेम्स आखणारा नवा हेड गेममेकर प्लुटार्क तिच्याबरोबर नाचतो आणि खिशातलं घड्याळ दाखवतो, काचेवर क्षणभर मॉकिंगजे पक्षी, म्हणजे तिचंच चिन्ह, उमटून जातो. तो नेमकं काय बोलतो ते परत वाचा आणि अरीना कसा चालतो ते आठवा. दुसरं, अरीनात येणारे ब्रेड, कुठल्या डिस्ट्रिक्टचे आणि किती, ती मोजते आणि आपण ते वाक्य सोडून पुढे जातो. डिस्ट्रिक्ट 3 चे, 24. तिसरा दिवस, चोविसावा तास. आणि तिसरं म्हणजे मॅग्स, तिने केलं ते का केलं.

सिनेमा (2013 चा) आधी बघितला असेल तरी पुस्तक वाचा. सिनेमात स्नो आणि प्लुटार्क दोघंच बसून बेत करताना दाखवलेत, पुस्तकात ते शक्यच नाही कारण कॅटनिस तिथे नसते, त्यामुळे तुम्हाला तिच्याइतकंच अंधारात राहावं लागतं. शिवाय जंगलात भेटणाऱ्या बॉनी आणि ट्विल सिनेमात नाहीतच, आणि नष्ट झालं असं सांगितलेल्या डिस्ट्रिक्ट 13 चा धागा पुस्तकात त्यांच्यापासून सुरू होतो.

आणि तिसरं पुस्तक आधीच घरात आणून ठेवा. शेवटचं वाक्य तिचा जुना मित्र गेल बोलतो आणि पुस्तक तिथेच संपतं, पुढे एक ओळ नाही. 2009 च्या सप्टेंबरमध्ये ज्यांनी हे वाचलं त्यांना पुढच्या ऑगस्टपर्यंत वाट बघायला लागली होती, आपल्याला काय गरज.