न्यूझीलंडला मोटरहोमने जायचंय? मग एप्रिल-मे धरा

आपल्या रत्नागिरीकडे पोरांना सुट्टी लागते, आंबा उतरतो, तेव्हा तिकडे शरद ऋतू असतो आणि डिसेंबर-जानेवारीपेक्षा मोटरहोमचं, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचं, भाडं बरंच कमी असतं, फक्त ईस्टरचे दिवस टाळा. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवायची, इंग्रजीतलं आपलं लायसन्स चालतं.

भाडं बघताना नुसता दिवसाचा रेट बघू नका हां, डिझेल गाडीला किलोमीटरमागे रोड टॅक्स वेगळा लागतो, तो आधी विचारा. गाडी 'सेल्फ-कंटेन्ड' सर्टिफिकेटवालीच घ्या, म्हणजे टॉयलेट आणि सांडपाण्याची टाकी आतच, मग बऱ्याच ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो. मधेच एखादी रात्र विजेचं कनेक्शन मिळणाऱ्या कॅम्पसाइटवर काढा, कपडे धुऊन होतात, टाक्या रिकाम्या होतात.

खरी बचत जेवणात. आम्ही कुळथाचं पीठ नेलं होतं, बाहेर कडाक्याची थंडी आणि आत गॅसवर दहा मिनिटात पिठी-भात, आईचा चेहरा बघायला हवा होता! पण खायचं जे काही न्याल ते प्रवेशाच्या फॉर्मवर डिक्लेअर कराच, नाही केलं तर 400 न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो.