लिनक्सवर यूएसबी ३.० डिस्क रखडतेय? ड्रायव्हरला हात लावण्याआधी हे तपासा

यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडली आणि फाइल कॉपी होताना सेकंदाला ३५-४० मेगाबाइटच्या पुढे गाडी जाईना, की लोक लगेच ड्रायव्हरच्या, म्हणजे डिव्हाइस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मागे लागतात. ड्रायव्हर बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. जोडणीचा वेग पोर्ट, केबल आणि डिव्हाइस आपसात ठरवतात. ड्रायव्हरची पाळी त्यानंतर. तपासही त्याच क्रमाने करावा.

आधी टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी -टी’ (lsusb -t) चालवा. जोडलेल्या डिव्हाइसची फांद्याफांद्यांची यादी येईल. आपल्या डिस्कच्या ओळीच्या शेवटी ४८०एम (सेकंदाला ४८० मेगाबिट) दिसलं, तर जोडणी यूएसबी २.० च्या वेगाने झाली आहे. ५०००एम म्हणजे यूएसबी ३.० चा वेग मिळालाय. यादीत ४८०एमचा रूट हब, म्हणजे फांद्यांचं मूळ, दिसला म्हणून दचकू नका. संगणकातल्या एकाच यूएसबी कंट्रोलरचे दोन रूट हब दिसतात, एक जुन्या वेगाचा, एक नव्या. आपली डिस्क कोणाखाली लटकलीय तेवढं पाहायचं.

४८०एम असेल तर केबल काढा आणि एका दमात पूर्ण आत सारा. हे थट्टेने सांगत नाहीये. यूएसबी ३.० च्या टाइप-ए प्लगमध्ये ९ संपर्क असतात: पुढचे ४ जुने, मागचे ५ नवे. प्लग हळूहळू सरकवला तर जुने ४ आधी टेकतात आणि कधीकधी डिव्हाइस यूएसबी २.० म्हणूनच नोंदलं जातं. तरी फरक पडला नाही, तर मधला हब काढून थेट पोर्टला जोडा आणि केबल बदला. टाइप-सीच्या बऱ्याच चार्जिंग केबलमध्ये वेगवान डेटाच्या तारा नसतातच. दिसायला मात्र सगळ्या सारख्या.

मग कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश जसे येतील तसे दाखवणारी ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ (sudo dmesg -w) ही आज्ञा चालू ठेवून डिस्क पुन्हा लावा. ‘हाय-स्पीड’ म्हणजे ४८०एम, ‘सुपरस्पीड’ म्हणजे ५०००एम किंवा त्याहून जास्त. सुपरस्पीडने जोडून पुन्हा पुन्हा रीसेट होत असेल, तर संशय केबलवर किंवा अपुऱ्या वीजपुरवठ्यावर.

५०००एम आहे आणि तरीही काम रखडतंय? आता ड्रायव्हर. ‘एलएसयूएसबी -टी’च्या यादीत त्याचं नाव दिसतं: ‘यूएएस’ (uas) किंवा ‘यूएसबी-स्टोरेज’ (usb-storage). यूएएस अनेक आज्ञा रांगेत घेतो, यूएसबी-स्टोरेज एका वेळी एकच. म्हणून यूएएस बरा. पण काही एन्क्लोजरच्या, म्हणजे डिस्कच्या बाहेरच्या डबीच्या, चिपचं यूएएसशी पटत नाही आणि डीमेसेजचा लॉग यूएएसच्या ‘अबॉर्ट’ संदेशांनी भरतो. अशा वेळी कर्नलच्या बूट पॅरामीटरमध्ये, म्हणजे सुरू होताना त्याला दिल्या जाणाऱ्या सूचनांमध्ये, ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=’ (usb-storage.quirks=) लिहून पुढे व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी आणि ‘यू’ (u) हे अक्षर, मध्ये कोलन देऊन, टाका. दोन्ही आयडी ‘-टी’ न लावता साध्या ‘एलएसयूएसबी’त मिळतात. रीबूटनंतर ड्रायव्हरच्या जागी ‘यूएसबी-स्टोरेज’ दिसलं, की सेटिंग लागू झालं.