शहिदांच्या स्मृतिशिलेवरील पुसट नावे मोबाइलने कशी नोंदवावीत

युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या नावांची मोबाइलवर नोंद कशी करावी, याविषयी जे सल्ले मिळतात त्यांत कोणते ॲप घ्यावे याचीच चर्चा फार असते आणि झिजलेले अक्षर वाचायचे कसे, याबद्दल अवाक्षरही नसते. काम अडते ते मात्र नेमके तिथेच. माझी बहुतेक नोंद साधा कॅमेरा आणि एक तक्ता यांवरच झालेली आहे, त्यामुळे ॲपविषयी मी काहीही सांगणार नाही.

आधी संपूर्ण शिलेचे, मग एकेका रकान्याचे आणि शेवटी चार-पाच ओळींच्या पट्ट्यांचे छायाचित्र घ्यावे. पट्ट्या एकमेकींवर किंचित चढलेल्या असाव्यात. लोकेशन चालू ठेवावे.

आता अक्षरांकडे वळू. कोरीव अक्षर आपल्याला दिसते ते त्याच्या खाचेत पडलेल्या सावलीमुळे, आणि समोरून प्रकाश टाकला की ती सावलीच नाहीशी होते. म्हणून फ्लॅश बंद ठेवावा आणि दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च शिलेच्या कडेशी, दगडाला जवळजवळ टेकवून धरावा, म्हणजे प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत जाईल. ऊन असेल तर छत्रीची सावली केल्याशिवाय टॉर्चचा काही उपयोग होत नाही. कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर अशा तिरप्या उजेडात आडनाव हळूहळू उमटू लागते, तेव्हा आपण इतका वेळ त्याच जागेकडे पाहत होतो यावर विश्वास बसत नाही.

परंतु एकाच बाजूने प्रकाश टाकून थांबू नये. ही चूक माझ्या हातून झालेली आहे. वरून टाकलेल्या प्रकाशात आडव्या रेघा ठळक होतात आणि उभ्या रेघा विरून जातात. बाजूने टाकलेल्या प्रकाशात नेमके उलटे होते. एका शिलेवर मी टॉर्च फक्त वरच्या बाजूने धरला होता, त्यामुळे सैनिकाच्या क्रमांकातील इंग्रजी आठाच्या डाव्या कडा दिसल्याच नाहीत आणि मी तो तीन वाचला. दुर्दैवाने त्या क्रमांकाचा, त्याच नावाचा दुसरा सैनिक नोंदींत होता. दोन वर्षे एका माणसाच्या नावापुढे दुसऱ्याच्या मृत्यूची तारीख राहिली आणि ती चूक दाखवून दिली ती त्याच्या नातवाने. तेव्हापासून मोबाइल ट्रायपॉडवर पक्का बसवून, जागचा न हलवता, चारही बाजूंनी प्रकाश टाकून चार छायाचित्रे घेतल्याशिवाय मी एकही क्रमांक लिहीत नाही.

दुसरा शत्रू खुद्द मोबाइलच आहे. त्याला देखणे चित्र हवे असते आणि आपल्याला खरे. एचडीआर (उजेड-अंधारातील फरक कमी करणारी कॅमेऱ्याची सोय) सावल्या उजळतो, म्हणजे आपण मुद्दाम पाडलेली सावलीच पुसतो. तो बंद करावा, पडद्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करावे आणि उजेड थोडा कमी करावा. कृत्रिम बुद्धिमत्तेने छायाचित्र ‘सुधारणारी’ सोय तर अजिबात वापरू नये, कारण ती तुटलेल्या अक्षराच्या जागी शोभेल असे अक्षर स्वतःच काढून ठेवते. मजकूर ओळखणाऱ्या ॲपचेही तेच; अर्धवट नावाचे ते एक नीटनेटके, पटण्याजोगे आणि साफ चुकीचे नाव करून देते.

खडू, पीठ किंवा दाढीचा फेस चोळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. फेसातील रसायने दगडात मुरतात आणि तारेच्या ब्रशने धुळीबरोबर अक्षरही जाते. धूळ झाडायला मऊ, कोरडा कुंचला पुरतो. काही संगमरवरी शिलांवर अक्षरे शिशाची ठोकलेली असतात. ती गळून पडली तरी ती बसवण्यासाठी पाडलेली बारीक भोके मागे उरतात आणि त्या ठिपक्यांच्या मांडणीवरून अक्षर ओळखता येते.

दगडावर जे आहे ते सगळे उतरवावे, खुणांसकट आणि आहे त्याच क्रमाने. वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम युद्धस्मारकावर ५८,००० हून अधिक नावे अकारविल्हे नसून कालक्रमाने कोरलेली आहेत. नावाशेजारी पत्त्यांतील चौकटच्या आकाराची खूण म्हणजे मृत्यूची खात्री झालेली आणि क्रूस म्हणजे बेपत्ता. तक्ता सोयीसाठी वर्णानुक्रमे लावला की कोण कोणाच्या आगेमागे पडले, हे कायमचे हरवते. तक्त्यात ‘दगडावर दिसते ते’ आणि ‘माझा तर्क’ असे दोन वेगळे रकाने असावेत आणि न दिसणारे अक्षर चौकटी कंसात लिहावे.

नावे पडताळण्यासाठी १९१७ साली स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या राष्ट्रकुलातील युद्धमृतांच्या स्मृती जपणाऱ्या संस्थेची दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांची सूची मोबाइलवर विनामूल्य पाहता येते. नावापेक्षा क्रमांक आणि पलटण यांवर भर द्यावा, कारण कारकुनाने ‘जाधव’ हे आडनाव रोमन लिपीत कसे लिहिले असेल, याचा नेम नसतो. नाव सापडले नाही म्हणून शिलेवर शंका घेऊ नये. किमान १,१६,००० मृतांचे स्मरण नावानिशी झालेले नाही किंवा कदाचित झालेलेच नाही, हे त्या संस्थेने नेमलेल्या समितीनेच २०२१ साली मान्य केले आहे, आणि त्यांत पूर्व आफ्रिकी व इजिप्शियन लोक सर्वाधिक आहेत.

छायाचित्रे इतरांना पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावीत, नाहीतर तपशील दबतो आणि ठिकाणाची माहितीही निघून जाते. अलीकडच्या शहिदांच्या बाबतीत नातेवाइकांचा पत्ता किंवा फोन नोंदीत घालू नये.

शिलेजवळ ही नोंद उघडणारा क्यूआर कोड लावायचाच असेल तर तो स्थिर प्रकारचा घ्यावा. ‘डायनॅमिक’ कोड मधल्या कंपनीच्या दुव्यावरून जातो आणि वर्गणी संपली की मुका होतो. त्रुटी-दुरुस्तीची सर्वोच्च पातळी निवडल्यास सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. मात्र भोवतीची कोरी कड कोडातील चार बारीक चौकोनांइतकी सोडलीच पाहिजे. तो शिलेवर चिकटवू नये, शेजारी वेगळ्या पाटीवर लावावा, आणि छापण्यापूर्वी एकदा भर उन्हात, जुन्यात जुन्या मोबाइलवर वाचून पाहावा.