आफ्रिकेचा अभ्यास करायचाय? आधी एक गाव धरा

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी ‘आफ्रिकेतील स्त्रियांच्या चळवळी’ असा विषय दिला, तेव्हा मार्गदर्शक बाईंनी एवढंच विचारलं, “कुठली आफ्रिका?” तरी पुढचे चार महिने मी केनिया, लायबेरिया, दक्षिण आफ्रिका असं सगळीकडचं थोडं थोडं वाचत बसले आणि एकाही ठिकाणाबद्दल मला धड बोलता येईना. म्हणून नवीन मुला-मुलींना सांगते, एक गाव धरा.

मी ओलोको धरलं. आग्नेय नायजेरिया, नोव्हेंबर १९२९. पुरुषांची शिरगणती करून ब्रिटिशांनी १९२८ पासून त्यांच्यावर कर बसवला होता. त्यात पामतेलाचा भाव पडलेला. अशात सरकारने नेमलेल्या ‘वॉरंट चीफ’चा माणूस न्वान्येरुवा या विधवेच्या अंगणात आला. ती तेल काढत होती. माणसं, शेळ्या, मेंढ्या मोज, म्हणाला. मोजणी म्हणजे आता बायकांवरही कर, हे तिने ओळखलं. तिने उलट विचारलं, तुझ्या विधवा आईला मोजलं होतं का? झटापट झाली, ती थेट बायकांच्या सभेत गेली आणि गावोगाव पामची पानं फिरली. पान आलं की निघायचं.

बायकांनी चीफच्या घराला वेढा घातला. याला इग्बो समाजात ‘पुरुषावर बसणं’ म्हणतात. नाचायचं, त्याची अब्रू काढणारी गाणी म्हणायची, मुसळांनी घर बडवायचं, तो नमेपर्यंत हलायचं नाही. मी आधी याला ‘धरणं’ लिहिलं होतं. नंतर खोडलं. जुन्या प्रथेत धरणं धरणारा दारात उपाशी बसून समोरच्याला लाजवायचा. इथे बायका त्याची झोप उडवतात. मुसळ वाचून मला आपला महागाईविरोधी लाटणं मोर्चा आठवला. आठवण येऊ द्या, पण प्रबंधात तिची लगेच तुलना करू नका.

सर्वांत जास्त वेळ द्या तो सरकारने नंतर नेमलेल्या चौकशी आयोगापुढच्या साक्षींना. त्यात बायका स्वतः बोलल्या आहेत. मात्र दुभाष्यामार्फत, इंग्रजीत. म्हणून प्रत्येक साक्ष दोनदा वाचा: एकदा ती बाई काय सांगतेय म्हणून आणि एकदा तिला प्रश्न कोण विचारतंय म्हणून. सरकारी कागदांत याला, आबा या तिथल्या शहरावरून, ‘आबा दंगल’ म्हटलंय. इग्बो बायका ‘ओगु उमुन्वान्यी’ म्हणतात, म्हणजे बायकांचं युद्ध. पन्नासहून अधिक बायका गोळीबारात गेल्या, बहुतेक ओपोबो आणि उटू एटिम एक्पो इथे. माझ्या पहिल्या प्रकरणाच्या मथळ्यात ‘दंगल’ होतं, याची मला आजही खंत वाटते.

हे गाव नीट कळलं की मग नैऋत्य नायजेरियातल्या अबेओकुटा शहराकडे, १९४०च्या दशकात जा. तिथेही कर आणि बाजारातल्या बायकाच आहेत. फुनमिलायो रॅन्सम-कुटी ही तिथली शिक्षिका त्यांना एकत्र आणते. मोर्चाला परवानगी नाकारली तर बायका त्याला ‘सहल’ म्हणतात आणि निघतात. १९४९च्या जानेवारीत तिथल्या राजाला, अलाकेला, गादी सोडावी लागली.