ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण कधी दाबायचं

डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र असतं. ते लुकलुकलं, तर गाडीची घसरण रोखणारी यंत्रणा त्या क्षणी काम करतेय. सतत पेटलेलं राहिलं, तर यंत्रणेत बिघाड आहे. त्याच चित्राखाली ‘ऑफ’ दिसलं, तर ती कोणीतरी बंद केली आहे. कंपनीगणिक नाव बदलतं, मारुतीत ईएसपी, ह्युंदाईत ईएससी, टोयोटात व्हीएससी, पण काम तेच.

ट्रॅक्शन कंट्रोल गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं आणि इंजिनाची ताकद कमी करतं. ईएससी, म्हणजे गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा (ईएसपी, व्हीएससी तीच), त्यापुढचं पाहतं. स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी खरंच किती वळतेय यात फरक पडला, की ते एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतं. पकड मात्र टायरचीच असते. वळणावर ताशी ४० ऐवजी ६० ने गेलात तर सव्वादोन पट पकड लागते, आणि टायरचा गोटा झाला असेल तर ती कोणतंही सेन्सर आणून देणार नाही. खाच १.६ मिमीच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद. पावसाळ्यात मात्र ३ मिमीलाच बदललेला बरा.

घाटात पावसात दिवा लुकलुकला तर अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, स्टिअरिंग जायच्या दिशेला ठेवा. थांबायचंच असेल तर ब्रेक जोरात दाबून धरा, पंप करू नका. पायाखाली खडखड जाणवेल, तो एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा आवाज, घाबरून पाय काढू नका.

आता बटणाचा खरा उपयोग: चिखल. इथे आधी पाहायचं की किती चाकं फिरताहेत. एकच चाक गरगरत असेल आणि दुसरं कोरड्यावर असेल, तर यंत्रणा चालूच ठेवा. अॅक्सिलरेटर स्थिर धरा. फिरत्या चाकाला ब्रेक बसला की ताकद दुसऱ्या चाकाकडे वळते. इथेच बरेच जण घाईने बटण दाबतात आणि खड्डा खोल करतात.

इंजिन ज्यांना फिरवतं ती दोन्ही चाकं रुतली असतील आणि अॅक्सिलरेटर दाबूनही इंजिन दम सोडत असेल, तर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. बऱ्याच गाड्यांत बटण एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन बंद होतं, काही सेकंद धरून ठेवलं की ईएससीही जातं. तुमच्या गाडीत काय होतं ते पुस्तिकेत बघून ठेवा. चाकांपुढचा चिखल उकरा, दगड किंवा पायपुसणी घाला, स्टिअरिंग सरळ करा, दुसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर निघा. चाकापुढे-मागे कुणी उभं नको. दहा-पंधरा सेकंदांत गाडी हलली नाही, तर थांबा. नुसतं फिरवत राहिलात तर ती पोटावर बसेल.

पक्क्या रस्त्यावर येताच बटण पुन्हा दाबा. इंजिन बंद करून सुरू केलं तरी यंत्रणा बहुधा आपोआप चालू होते, पण तेवढ्यावर विसंबू नका.

दिवा सतत पेटत असेल तर बहुतेक वेळा चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसलेला असतो किंवा त्याची वायर तुटलेली असते. बॅटरी कमजोर झाली तरीही दिवा लागतो. बॅटरी काढून बसवल्यावर दिवा राहिला, तर काही गाड्यांत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवल्यावर तो जातो. अलाइनमेंट केल्यावर स्टिअरिंगचा मध्य हलला असेल तर मात्र स्टिअरिंग किती वळलंय ते मोजणारा अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणून घ्यावा लागतो. ते काम रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे होत नाही.