पकड सैल, प्रवास सुखाचा

तासा-दोन तासांच्या मोटारसायकल प्रवासानंतर मनगटे ठणकू लागली आणि मान आखडली, की आपण सीटला दोष देतो. माझ्या मते दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा पकडीत असते. हँडल करकचून धरले की कोपरे ताठ होतात, रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट खांद्यांपर्यंत चढतो आणि शरीराचे हेलकावे हँडलमध्ये उतरून गाडी डगमगल्यासारखी वाटते. मग धास्तीने पकड आणखी घट्ट होते. वास्तविक वेगात असलेल्या गाडीचे पुढचे चाक छोट्या धक्क्यानंतर आपणहून सरळ होत असते, फक्त त्याला तेवढी मोकळीक मिळावी लागते.

म्हणून भार हातांवर न टाकता पोट, पाठ आणि मांड्यांवर घ्यावा. चवडे फूटरेस्टवर ठेवून गुडघ्यांनी पेट्रोलची टाकी हलकेच धरावी. ब्रेक लावताना पुढे झुकणारे शरीर गुडघेच सावरतात आणि तळहात मोकळे राहतात. मोकळ्या, सरळ रस्त्यावर दोन्ही हात हँडलवर ठेवूनच कोपरे किंचित वरखाली करून पाहावीत. ती सहज हलली, तर पकड योग्य आहे.

लिव्हरचा कोन मात्र निघण्यापूर्वीच तपासावा. महागड्या सीट कव्हरपेक्षा याचा उपयोग मला अधिक वाटतो. गाडीवर नेहमीसारखे बसून बोटे क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरवर ठेवावीत. कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत न येता मनगट वर किंवा खाली मुडपत असेल, तर लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करून तो फिरवावा, बोल्ट नीट आवळावेत आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल किंवा ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, याची खात्री करावी.

हेल्मेट कपाळावर एकाच जागी टोचत असेल, तर त्याचा आकार आपल्या डोक्याला जुळत नाही असे समजून ते बदलावे. वाऱ्यात घाम लगेच वाळतो आणि तहान लक्षात येत नाही. तेव्हा साधारण तासाभराने थांबून, पाणी पिऊन चार पावले चालावे.

प्रत्येक सिग्नलला दातांकडे लक्ष द्यावे. ते एकमेकांवर आवळलेले आढळले, तर जबडा सैल सोडून सावकाश श्वास सोडावा. त्यापाठोपाठ वर चढलेले खांदेही उतरतात.