शोषचरासाठी माती आणि भूजल कसे तपासावे

सेप्टिक टँकमध्ये मैल्याचा गाळ तळाशी बसतो, पण बाहेर पडणारे पाणी जंतूंनी भरलेलेच असते. ते गाळण्याचे काम पुढची माती करते. म्हणून टँक घेण्याआधी जमीन तपासा.

शोषचराच्या (टँकमधून आलेले पाणी जमिनीत मुरवणाऱ्या चराच्या) नियोजित जागी दीड ते दोन मीटर खोल खड्डा घ्या. कडा ढासळतात, त्यामुळे आधार न लावता आत उतरू नका. माती वर काढून थरानुसार मांडा. प्रत्येक थरातली मूठभर माती ओली करून अंगठ्याने दाबत पट्टी काढा. पट्टी होतच नसेल तर रेताड. पाच सेंटिमीटरपेक्षा लांब निघाली तर चिकणमाती, जिच्यात पाणी फार हळू मुरते.

आता रंग नीट पाहा. राखाडी मातीत तांबूस, गंजासारखे ठिपके असतील तर पावसाळ्यात पाणी तिथपर्यंत चढते, भर उन्हाळ्यात खड्डा कोरडा असला तरी! शेजारच्या विहिरींची पावसाळ्यातली पातळीही विचारा. चराचा तळ आणि ही सर्वांत वरची पातळी (किंवा खडक) यांत किमान एक ते सव्वा मीटर कोरडी माती हवी. पिण्याच्या विहिरीपासून ३० मीटर अंतर ठेवा, तेही उताराच्या खालच्या अंगाला.

मग पाझर चाचणी. चराच्या खोलीइतके, १५ ते ३० सेंटिमीटर रुंदीचे निदान तीन खड्डे घ्या. कुदळीने गुळगुळीत झालेल्या कडा खरवडा, नाहीतर छिद्रे बुजून पाझर खोटा कमी दिसतो. तळाशी ५ सेंटिमीटर खडी टाका, त्यावर ३० सेंटिमीटर पाणी भरून रात्रभर पातळी टिकवा. हा टप्पा गाळू नका: चिकणमाती फुगून भेगा मिटल्याशिवाय खरा वेग कळत नाही.

दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून दर अर्ध्या तासाला उतार मोजा आणि पुन्हा भरा. चार तासांनंतरचा शेवटचा आकडा धरा. अर्ध्या तासात ५ सेंटिमीटर उतरले, तर २.५ सेंटिमीटरला १५ मिनिटे, हे उत्तम. तेवढ्यालाच ६० मिनिटांहून जास्त लागली तर चर तुंबेल आणि सांडपाणी वर येईल. एका मिनिटाच्या आत उतरले तर पुष्कळांना आनंद होतो, पण तेच जास्त धोक्याचे, कारण न गाळलेले पाणी थेट भूजलात जाते. तिथे वाळूचा गाळणथर घाला. भूजलाची पातळीच वर असेल तर भराव घालून चर उंचावर घ्या, किंवा जागा बदला.